उखा मेस्त्रींच्या भिंतीवरची हँडलं

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचत जातात. एक म्हणजे उरलेले नटबोल्ट आणि दुसरी म्हणजे किस्से. नटबोल्ट आम्ही डब्यात टाकतो. किस्से मात्र भिंतीवर टांगलेत! खरंच सांगतो. शहाद्याला प्रकाशा रोडवर उखा मेस्त्रींचं गॅरेज आहे. तिथल्या मागच्या भिंतीला खिळे ठोकून मोटरसायकलची हँडलं लटकवलीत. उंच, सपाट, रुंद, मागे वळलेली. एकेक हँडल म्हणजे एकेका गिऱ्हाइकाची फजिती, आणि खोटं कशाला बोलू, निम्म्या वेळा आमचीही.

मी तिथला वायरमन. नाव सुरेश, पण मेस्त्रींच्या तोंडी 'सुऱ्या'. हल्ली आमच्या भागात क्रूझर गाड्या फार झाल्यात. क्रूझर म्हणजे ती बुटकी, लांबट गाडी, जिच्यावर पाय पुढे टाकून ऐसपैस बसायचं असतं. गाडी घेतली की महिन्याभरात माणसाला कंपनीचं हँडल आवडेनासं होतं. मग तो मोबाईलवर फोटो बघतो, ऑर्डर टाकतो आणि खोकं काखेत मारून आमच्याकडे येतो.

आता फोटोत हँडल दिसतं, वायर दिसत नाही! उंच हँडल घेतलं की हॉर्नची वायर तोकडी, इंडिकेटरची तोकडी, क्लचची केबल तोकडी, ब्रेकचा पाइप तोकडा. ते सगळं वाढवायचं कुणी? आम्ही. फोटो पाहून हँडल मागवणाऱ्या प्रत्येक माणसाला एकदा माझ्या स्टुलावर बसवून बारा वायरी जोडायला लावाव्यात, असं माझं जुनं मत आहे.

मेस्त्रींची मात्र माप घेण्याची स्वतःची पद्धत आहे. गॅरेजात एक भंगार क्रूझर स्टँडवर घट्ट बांधून ठेवलीय. तिला हँडल नाही. तिला आम्ही मापाची गाडी म्हणतो. गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवायचं आणि मेस्त्री म्हणणार, "डोया मिचा. आते हात पुढे करा, जठे बरं वाटी तठे ठेवा." हात हवेत जिथे थांबतील तिथे मी काठी धरायची आणि मेस्त्री टेपनं मोजणार. हँडल बसल्यावर शेवटची तपासणीही तशीच. डोळे मिटून हात पुढे केले की ते बरोबर ग्रिपवर पडले पाहिजेत.

"डोया उघडा ऱ्हायनात का माणूस हँडल देखीसन हात ठेवस," मेस्त्री सांगतात. "डोया मिचनात का हात सवयना जागावर जातस."

या गॅरेजात एकाच गाडीचं माप कुणी घेत नव्हतं. ती मेस्त्रींची स्वतःची, कोपऱ्यात ताडपत्रीखाली. तीस वर्षं गाडीवरून कधी न पडलेला हा माणूस तीन वर्षांपूर्वी दिवाळीत आकाशकंदील टांगताना शिडीवरून पडला! उजवा खांदा गेला. पोटाजवळ हात ठेवून मेस्त्री सगळी कामं करतात, पान्हा फिरवतात, इंजिन उघडतात. पण हात पुढे ताणला की कळ मस्तकात जाते. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवा, पण हात ताणून नाही." आणि मेस्त्रींच्या गाडीचं हँडल नेमकं पार पुढे.

त्याआधी दरवर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला मेस्त्री आणि मंगलामावशी, म्हणजे त्यांची बायको, त्याच गाडीवर जायची. आता तीन वर्षं दोघंही गेलेली नव्हती. मेस्त्री एसटीनं जायला तयार नाहीत आणि मावशी दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसायला तयार नाही. मावशी रोज दुपारी डबा घेऊन चालत गॅरेजात यायची, ताडपत्रीवरची धूळ पदरानं झटकायची आणि घरी जायची. मी कितीदा म्हटलं, "मेस्त्री, बठा ना मापले." एकच उत्तर, "मन्हं माप मी लिसू."

आता स्वतःचे डोळे मिटून स्वतःचंच माप माणूस घेणार कसं? पण ते त्यांना कोण सांगणार!

*

भिंतीवरचं सगळ्यात उंच हँडल पंकजचं. पंकज नंदुरबारचा, घरचा मिरचीचा व्यापार. त्याला मेस्त्रींनी मापाला बसायला सांगितलं तर म्हणाला, "मेस्त्री, स्टाइलनं माप नही ऱ्हास!" लांब केबल यायला चार दिवस लागतील म्हटलं, तर तेवढंही थांबला नाही. घरी नेऊन जुन्याच केबलवर हँडल बसवून मोकळा झाला. दोन्ही हात डोक्याच्या उंचीला! पहिल्याच दिवशी एसटी स्टँडसमोर हवालदारानं अडवलं.

"पहिले हात खाले ले," हवालदार म्हणाला, "मंग लायसन दखाड."

खरी गंमत पुढे. ॲक्सिलरेटरची केबल तोकडी असली आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, की केबल ताणली जाते आणि गाडी आपली आपण रेस होते. पंकजला हे माहीत नव्हतं. तो काकांना गाडी दाखवायला मिरचीच्या पथारीवर गेला. पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालतात ते मोकळं रान. तिथे अरुंद वाटेवर त्यानं गाडी वळवायला घेतली. पूर्ण डावीकडे. गाडीनं जी डरकाळी फोडली, ती पंकजला घेऊन सरळ मिरचीच्या ढिगात!

लागलं काही नाही, ढीग मऊ होता. पण जो धुरळा उठला, त्यानं मिरच्या निवडणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून पळाल्या. काका शिंकत होते, हमाल शिंकत होते, रस्त्यावरचे रिक्षावाले शिंकत होते. दुसऱ्या दिवशी भावाच्या खांद्यावर हात ठेवून पंकज गॅरेजात आला आणि मुकाट्यानं मापाच्या गाडीवर बसला.

मेस्त्री म्हणाले, "डोया मिच."

पंकज म्हणाला, "मेस्त्री, कालपाइन ते उघडतच नही शेत!"

*

आप्पा तापीकाठच्या एका गावचे. केळी, कापूस, ऊस, सगळं बक्कळ. पोरगा सुरतला असतो. त्यानं हौसेनं बापाला क्रूझर घेऊन दिली. आप्पांचं वय पासष्ट आणि आयुष्य गेलं बैलगाडीवर. हँडल लांब पडतं म्हणून ते आमच्याकडे आले.

मापाच्या गाडीवर बसले. डोळे मिटले. दोन्ही मुठी छातीजवळ, एकीवर एक! मी काठी धरायला गेलो तर दोन हातांमध्ये चार बोटंही अंतर नाही. शिवाय उजव्या पायाचा अंगठा, बैलाला टोचावं तसा, खाली हवेत टोचत होता. मी तोंडात रुमाल कोंबला. मेस्त्री अजिबात हसले नाहीत.

"आप्पा, हात जरासा फाकवा."

"कितला?"

"दोन बैल समजा."

"दोन बैल ऱ्हायनात तरी कासरा एकच जागावर धरतस," आप्पा म्हणाले.

मेस्त्रींनी शोधून अरुंद, जवळ येणारं हँडल बसवलं. आप्पा खूश. ट्रायलला निघाले, रस्त्याच्या टोकापर्यंत झकास गेले, वळले, परत आले. गॅरेज जवळ आलं तरी गाडी थांबायचं नाव नाही. आप्पा हँडल स्वतःकडे ओढताहेत आणि तोंडानं "होऽ! होऽऽ!" मी ओरडलो, "आप्पा, ब्रेक!" गाडी जुन्या टायरच्या ढिगात घुसली आणि बंद पडली.

आप्पा चिडून गाडीकडे बघत म्हणाले, "इतलं हो, हो कयं तिले, तरी ऐकस नही!"

मेस्त्री शांतपणे म्हणाले, "नवी शे, आप्पा. शिकी जाई."

मावशी डबा घेऊन नेमकी तेव्हाच आली होती. ती पोट धरून हसली. आणि जाताना दारातून म्हणाली, "बठ्ठा गावनं माप लेतस. सोतानं कव्हय लेवानं?" मेस्त्रींनी चपातीचा मोठा घास तोंडात घातला. घास तोंडात असताना उत्तर द्यावं लागत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

*

भीमरावदादा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांनी डोळे मिटून हात पुढे केले ते एवढे लांब आणि एवढे सपाट, की मला काठी धरायला दोन पावलं सरकावं लागलं. वर हात हळूहळू गोल फिरत होते. दादा मनातल्या मनात अक्कलकुव्याचं वळण घेत होते बहुतेक! मेस्त्री म्हणाले, "दादासले रुंद हँडल लागी." रुंदातलं रुंद मागवलं.

गाडी नवी कोरी. दादा तिला रस्त्यावरच्या धुळीत उभी करायलाही तयार नव्हते. म्हणाले, घरीच या. आम्ही हत्यारं घेऊन घरी गेलो. गाडी पुढच्या खोलीत, देवघराशेजारी उभी. सकाळपासून खपलो. वायरी वाढवल्या, केबल टाकल्या, ब्रेकचं तेल बदललं. डोळे मिटून तपासणी झाली, हात ग्रिपवर अचूक पडले. दादांनी नारळ फोडला. पेढे वाटले.

मग गाडी बाहेर काढायला घेतली.

दार अरुंद! गाडी तिरपी करून पाहिली, हँडल वळवून पाहिलं, मागच्या चाकाकडून काढून पाहिलं. एक टोक बाहेर आलं की दुसरं चौकटीत अडकायचं. मेस्त्री माझ्याकडे बघतात, मी मेस्त्रींकडे. माणसाचं माप घेतलं, गाडीचं घेतलं, दाराचं घ्यायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दादा म्हणाले, "तीस वरीस गाडी चालाडी. डेपोना गेटमा कव्हयच नही अडकनू!"

मी म्हटलं, हँडल पुन्हा काढावं लागेल. तेवढ्यात आतून दादांच्या बायकोचा आवाज आला.

"गाडी ऱ्हाऊ द्या घरमा! रिटायर व्हयनात तव्हयपाइन दिवसभर आठेच बठेल ऱ्हातस. त्यासले भाईर काढता येस का, ते देखा!"

ते रुंद हँडल आता भिंतीवर आहे. दादांना थोडं कमी रुंद बसवलं. आणि तेव्हापासून मेस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतात, "घरनं दार कितलं शे?"

*

हा किस्सा माझ्यावरचा आहे. दुसरं कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेला बरा.

सुनीता मॅडम धडगावकडच्या डोंगरातल्या एका शाळेवर शिकवतात. घरी पावरी बोलतात, आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. घाटातून रोज क्रूझरवर जा-ये. अंगानं लहानखुऱ्या, त्यामुळे कंपनीचं हँडल त्यांना लांब पडायचं. मापाच्या गाडीवर बसल्या, डोळे मिटले आणि हात असे झटकन जागेवर जाऊन थांबले, की मेस्त्री खूश झाले. फक्त डावा अंगठा राहून राहून हलत होता.

"अंगठा कशासाठी हलतो, मॅडम?" मी विचारलं.

"हॉर्न," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "घाटात प्रत्येक वळणावर वाजवावा लागतो. शेळ्या असतात."

हँडल बसलं. मी वायरी वाढवायला घेतल्या. त्या दिवशी दुकानात फक्त लाल वायर शिल्लक होती. मी म्हटलं, काय फरक पडतो! सगळ्या वायरी लाल लावल्या. मग कुठली लाल कुठल्या लालला जोडली, हे माझं मलाच कळेना. अंदाजानं जोडून टाकल्या. लाइट लागला, गाडी चालू झाली. मॅडमना उशीर होत होता, मलाही भूक लागली होती. पुढचं तपासलं नाही.

झालं असं होतं, की हॉर्न आणि उजव्या इंडिकेटरची अदलाबदल झाली होती. हॉर्नचं बटण दाबलं की उजवा दिवा लागायचा. आणि उजवा इंडिकेटर टाकला की हॉर्न तालात सुरू व्हायचा. पीं... पीं... पीं... वळण संपेपर्यंत!

आठ दिवसांनी मॅडम आल्या. मी आधीच हात जोडून उभा. म्हटलं, "मॅडम, चूक झाली, आत्ता करून देतो."

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "उजव्या वळणाला आपोआप वाजतो, बरं पडतं. गावातले लोक म्हणतात, मॅडम गाडी फार काळजीनं चालवतात. तुम्ही फक्त डाव्या वळणाचंही तसंच करून द्या!"

मेस्त्रींनी दोन्ही नीट करायला लावलं. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर सात रंगांच्या वायरींची सात बंडलं आणून ठेवली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

बाजारपेठेतले कांतीलालशेठ. कापडाचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले होते, पण शेठ आमच्यापेक्षा झणझणीत अहिराणी बोलतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी क्रूझर घेतली. कारण काय, तर तिच्यावर ऐसपैस बसता येतं. शेठचा सगळा जन्म गादीवर बसून गेलेला.

मापाच्या गाडीजवळ आले. चपला काढून नीट जोडीनं बाजूला ठेवल्या. वर चढले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले! मेस्त्री म्हणाले, "शेठ, पाय खाले." पाय खाली आले. डोळे मिटले. शेठचा उजवा हात गेला नाकाशी आणि डावा हात सरळ बाजूला ताणला. कापड मोजतात तसं! मी काठी कुठे धरू? एक हात नाकाला आणि दुसरा थेट दाराकडे.

मेस्त्रींनी तीनदा माप घेतलं. तिन्ही वेळा बरोबर एक वार भरलं. शेवटी शेठ म्हणाले, "मेस्त्री, माप ऱ्हाऊ द्या. माले हँडल पुढे जावाले नको. हँडल मन्हाकडे येवाले जोयजे." फोटोही तेच घेऊन आले होते. दोन्ही टोकं मागे वळून थेट माणसाच्या मांडीपाशी येतात, असं हँडल. आरामखुर्चीच्या हातांसारखं.

मागवलं, बसवलं. शेठ राजासारखे बसले. पाठ ताठ, हात पोटाजवळ, चेहऱ्यावर समाधान. मेस्त्री म्हणाले, "आते हँडल पुरं डावं करा." केलं. डावं टोक शेठच्या पोटात घुसलं. "आते उजवं." उजवं टोक पोटात. शेठ श्वास आत घेऊन वळले, श्वास सोडला की हँडल परत सरळ! गाडी सरळ जाईल, पण वळायचं म्हटलं तर श्वास रोखून.

शेठ रागावले. "हँडल चुकीनं शे!"

मेस्त्री हँडलकडे बघून, मग शेठकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "शेठ, हँडल बरोबर शे. पोट मांगथून बसाडेल शे!"

सगळ्यात जास्त कोण हसलं असेल, तर शेठ. दम लागेपर्यंत हसले. ते हँडल काढून त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवर टांगलं आणि म्हणाले, "ज्याले बसी त्याले मन्हाकडथून भेट." वर्षभरात पाचसहा जणांनी ते काढून पाहिलं. कुणाला बसलं नाही. हात इतके अंगाजवळ ठेवून गाडी कोण चालवणार?

*

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली. घोडे भरलेल्या गाड्या प्रकाशा रोडनं जायला लागल्या. मेस्त्री हातातलं काम सोडून दारात उभे राहायचे. मावशी डबा ठेवून तिथेच थांबायची. "काया घोडा कसा तेजदार शे, देखा," ती म्हणायची. मेस्त्री "हं" म्हणायचे. चौथं वर्ष कोरडं जाणार हे दोघांनाही दिसत होतं, आणि मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं.

मी एक लबाडी केली. मेस्त्री चहा पिताना अगदी बेसावध असतात. बशी उजव्या हातात धरतात, जिथे खांदा दुखत नाही तिथेच. चार दिवस मी चोरून बघत होतो. बशी पोटापासून किती पुढे, मांडीपासून किती वर, बाजूला किती. सगळं वितीनं मोजलं, एका पुठ्ठ्यावर लिहिलं आणि सकाळी मेस्त्रींपुढे ठेवलं.

"नवीन गिऱ्हाईक शे," मी म्हटलं. "कोन्हं हँडल बसी, सांगा."

मेस्त्रींनी चष्मा लावला. पुठ्ठा जवळ घेतला, लांब धरला.

"याना उजवा खांदा गयेल शे?"

"हा."

"गाडीवरथून पडना?"

"नही. आकाशकंदील टांगता टांगता."

मेस्त्रींनी उजवा हात पोटापुढे धरला आणि डाव्या हाताच्या वितीनं मोजून पाहिलं. मला वाटलं, आता पान्हा येतो अंगावर. पण ते हळूच म्हणाले, "सुऱ्या, माप चुकाडं तू. दीड वीत नही. पावणेदोन शे." आणि मग भिंतीकडे मान करून, "शेठवालं काढ."

मी ताडपत्री ओढली. दिवसभर आम्ही दुसऱ्या कुठल्या गाडीला हात लावला नाही. नवी बॅटरी, नवं पेट्रोल, ब्रेकचं तेल. शेठचं हँडल जाडीला तंतोतंत बसलं. टोकं मागे आल्यामुळे केबल जवळच्या वाटेनं फिरवल्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझी वायर पुरून उरली! हँडल पूर्ण डावं फिरवलं, पूर्ण उजवं फिरवलं. कुठेच अडलं नाही. मेस्त्रींना पोटच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ मुद्दाम दुकान सोडून बघायला आले. मावशी डबा घेऊन दारात उभी होती. मेस्त्री गाडीवर बसले. तीन वर्षांनी.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हुकूम सोडला. "मेस्त्री, डोया मिचा. हात पुढे करा."

मेस्त्रींनी डोळे मिटले. उजवा हात उचलला, जरा थांबला, आणि अलगद ग्रिपवर येऊन बसला. चेहऱ्यावर कळ नाही. शेठनं माझा दंड धरला.

डावा हात मात्र पुढे आलाच नाही. तो मागे गेला. मागच्या रिकाम्या सीटवर हात फिरवत मेस्त्री काहीतरी चाचपत राहिले.

मी म्हणणार होतो, मेस्त्री, डावा पुढे. शेठनं दंड आणखी जोरात दाबला.

मावशीनं डबा बाकावर ठेवला. पदर खोचला. चालत आली आणि एका बाजूला पाय सोडून मागे बसली.

"बठनू मी," ती म्हणाली. "चाला आते."

मेस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. डावा हात पुढे आला आणि बरोबर ग्रिपवर पडला.